दोन डॉक्टरांच्या गोळ्या

उमरग्याला फौजदार होतो तेव्हाची ती घटना, इतकी वर्षं उलटली तरी मनातून जात नाही. साठच्या दशकातली गोष्ट.

सकाळी आठच्या सुमारास एक इसम धापा टाकत ठाण्यात आला. त्याचे वडील उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर, मधुमेही. थोरला भाऊ वारलेला. वडील त्याच्या विधवेजवळ राहत. "साहेब, भाभीनं अब्बाला औषधातनं काय तरी दिलं. बेशुद्ध पडलेत," तो म्हणाला.

आम्ही पोचलो तेव्हा मास्तर घामानं चिंब झाले होते, हाकेला ओ नव्हती. सुनेला विचारलं, "औषध कोण देतं?"

"म्याच देते. आजबी म्याच दिलं."

मला एवढंच हवं होतं. कोनाड्यातल्या गोळ्यांच्या दोन बाटल्या पंचनामा करून, लाखेचं सील लावून मुद्देमालात घेतल्या. मास्तरांना दवाखान्यात पाठवताना चिठ्ठीवर 'विषप्रयोगाचा संशय' असं लिहिलं. डॉक्टरांनी त्याप्रमाणे त्यांचं पोट धुतलं.

महिला पोलीस तेव्हा नव्हत्या. शेजारची एक वयस्क बाई सोबत बसवून मी चौकशी सुरू केली. चार तास 'औषधात काय मिसळलं?' हा एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. खोटं बोलणारा माणूस प्रश्नागणिक जबाब वाढवत जातो. हिचा जबाब होता तेवढाच राहिला. तेव्हा कुठं मी कागद बाजूला सारला. म्हटलं, "बाई, या आठवड्यात घरात काय झालं ते तुमच्या मनानं सांगा."

"साखरेच्या गोळ्या सोलापूरच्या डॉक्टरच्या, लई दिवसाच्या. गुडघेदुखीच्या गोळ्या इथल्या डॉक्टरनं दिल्या, चार दिवस झाले. तवापासनं अब्बाला घाम सुटतो, हातपाय कापतात. गूळ चारला की बरं वाटतं. आज कापायला लागले तवा बी म्या गूळ घेऊन गेले, तर दिरानं माझा हात धरला. म्हणला, विष हाय."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं न्हाय."

सील फोडून बाटल्या घेतल्या आणि जीपनं दवाखाना गाठला. डॉक्टरांनी नावं वाचली आणि ताबडतोब शिरेतून ग्लुकोज सुरू केलं. "ही गुडघ्याची गोळी साखरेच्या गोळीचा जोर वाढवते, रक्तातली साखर पार उतरते. एका डॉक्टरला दुसऱ्याची गोळी माहीतच नसणार. सकाळी कळलं असतं तर..."

मास्तर शुद्धीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. तिला सांगायला मी स्वतः गेलो. दीर दाराशी मान खाली घालून उभा होता. तिनं विचारलं, "म्हंजे माझ्याच हातनं गेले का अब्बा?"

"नाही. तुम्ही डॉक्टरांनी सांगितलं तसंच दिलं. वेळ आम्ही घालवला."

पुढच्या नोकरीत बेशुद्ध माणसाच्या घरी गेलो की औषधं आधी डॉक्टरकडे पाठवली, पंचनामा मागून केला. आजाऱ्याला काय होतंय, हे त्याची सेवा करणाऱ्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्या बाईला मी चार तास प्रश्न विचारले आणि पाच मिनिटं तिचं ऐकलं. ते उलट झालं असतं, तर मास्तर कदाचित वाचले असते.