कादरसरांचे निरनिराळे ‘हो’

कादरसरांच्या पंचाहत्तरीनिमित्त सगळ्यांनीच गुणगान करायचे ठरवल्यामुळे तक्रारीचे काम माझ्याकडे आले आहे. सर कधी सरळ ‘हो’ म्हणत नाहीत. ‘चहा घेणार?’ विचारले, की ‘कोणत्या भाषेतलं हो म्हणू?’ असा प्रतिप्रश्न येतो. चहापुरते ठीक आहे. पण ‘छातीचा फोटो काढला का?’ यालाही गेले दोन महिने हेच उत्तर मिळते आहे.

मी सिरसाळ्याच्या शाळेत संस्कृत शिकवायला रुजू झालो, तेव्हा सर तिथे भूगोल शिकवत. नकाशावर देश दाखवला, की तिथला एखादा चिमुकला शब्द फळ्यावर लिहीत. पहिल्याच भेटीत मी त्यांना ऐकवले, की आपला ‘हो’ मूळचा संस्कृत ‘भवति’. प्राकृतात त्याचे ‘होइ’ झाले. सर शांतपणे म्हणाले, “हंगेरीत हो म्हंजे बर्फ. तुमचं भवति तिथं जाऊन गोठलं का, पंडितजी?”

मी कसला ऐकतो! ‘हिम’पासून हंगेरियन ‘हो’ सिद्ध करणारा लेख मी बीडच्या एका साप्ताहिकात छापून आणला. तो वाचून सरांनी मला बसवून समजावले, की हंगेरियनमध्ये ‘हो’ दोन आहेत. एक बर्फ, दुसरा महिना. महिन्याचा ‘हो’ चंद्राच्या जुन्या शब्दातून आला. बर्फाचे मूळ निराळे. “तोंडं सारखी दिसली म्हणून लगेच सोयरीक जुळवू नका.” पुढे वाचकांची टिंगलीची पत्रे येऊ लागली, तेव्हा मात्र त्यांनी संपादकांना परस्पर कळवले, की ती चुकीची माहिती मला त्यांनीच दिली होती. माझ्यासाठी इतक्या सभ्यपणे खोटे बोललेला दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

हल्ली सर मोबाइलवर व्हिएतनामी शिकतात. त्या भाषेत ‘हो’ म्हणजे खोकणे; बहुधा खोकल्याच्या आवाजावरूनच पडलेला शब्द. परवा सरांच्या घरी गेलो, तर भाभी वैतागल्या होत्या.

“लई झालं आता, गुरुजी. डॉक्टरकडं चला म्हटलं की हो म्हणत्यात, आन् खोकत बसत्यात!”

“मी व्हिएतनामीत म्हणलो होतो,” सर म्हणाले. हसता हसता त्यांना उबळ आली. ती थांबेपर्यंत पाण्याचा पेला भाभींनीच धरून ठेवला.

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, असे आपल्या सर्वांबरोबर मीही मनापासून म्हणतो. पण खरे सांगायचे, तर फोटोत काय निघेल याची सरांना धास्ती वाटते, असे मला वाटू लागले आहे. मलाही वाटते.