दमाचे चिंचोके

आमच्या क्षयाच्या दवाखान्यातला वॉर्डबॉय लोहगडवाडीचा होता. चालताना पाय वाजत नसत, आणि बोलताना त्याची नजर आमच्या छातीवर असे. दुपारी इंजेक्शनं आटोपली की तो खाटांमध्ये बसून आम्हाला आपला गडाचा खेळ खेळवी. कोणाला हेर करी, कोणाला भालाईत, कोणाला वैद्य. मग प्रत्येकापुढे चिंचोक्यांचे तीन ढीग मांडी: बळ, नजर आणि दम. गोष्ट तोच सांगे.

"म्होरं कडा हाय. दम टाका."

ज्याचा दम संपला तो दरीत.

माझ्या वाट्याला दम नेहमी थोडा. शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांना मात्र ओंजळभर. मी एकदा चिडलोच. "भाऊ, हा कुठला न्याय?"

"ज्याला न्हाई त्याला द्याचा," तो म्हणाला.

डॉक्टरांच्या फेरीत आमच्या छातीचे फोटो धरून तोच मागे उभा असे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मास्तर खूश असत. आम्ही सगळे दरीत, ते एकटे गडावर. हसता हसता त्यांना खोकला आवरत नसे.

पुढच्या आठवड्यात मास्तर गेले. त्याने चादर बदलली, गादीला ऊन दाखवलं. त्या खाटेवर नवा माणूस आला. दुपारी चिंचोके निघाले तेव्हा मी वॉर्डबॉयच्या मुठीकडेच बघत होतो. माझ्यापुढे दमाचे दोन पडले.

"चालंल न्हवं?"

"पुष्कळ झाले," मी म्हणालो.

उरलेली सगळी मूठ त्याने नव्या माणसापुढे रिकामी केली. तो माणूस केवढा खुलला!