सुरुवातीपुरती गिटार

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, गिटार येते असं सासरी सगळे मानतात. पोलादपूरहून वर कुडपणच्या अंगाला जाताना आमचं गाव लागतं. गणपतीला मुंबईची गाडी अंगणात आली की डिकीतून आधी गिटार उतरते, मग जाऊबाई. संध्याकाळी भाऊजी ओटीवर मांडी घालून डोळे मिटतात आणि एका जुन्या इंग्रजी रॉक गाण्याची सुरुवात वाजवतात. सुरुवातच. एकेक तार टुंग टुंग छेडायची, मान डोलवायची आणि खरं गाणं जिथे चालू होणार तिथे थांबून म्हणायचं, "पुढे मग असंच आहे." पुढे मुळीच असं नाही. ते गाणं मी मोबाइलवर पूर्ण ऐकलंय, पुढे ते चांगलं खवळतं. पण आमच्याकडे कोणाला पडलीय? सासूबाई पदराने डोळे टिपतात. "माज्या पोराच्या हातात सरस्वती हाय," म्हणतात. सरस्वतीला इतका रिकामा वेळ असेल असं मला वाटत नाही.

माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. काका म्हणजे तिचा देव. त्या वर्षी ती शिकव म्हणून त्यांच्या मागेच लागली, आणि ती सुरुवात तिने एका दुपारीत उचलली. यातच भाऊजींची विद्या किती खोल ते कळायला हवं होतं. मग पोरीने विचारलं, पुढचं? पुढे एक पकड येते, तीत पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबून धरायचं असतं. तिने जीव खाऊन दाबलं, पण नुसता बद्द बद्द आवाज आला. भाऊजींनी तिचा हात हातात घेतला, वैद्यासारखा उलटापालटा केला आणि म्हणाले, "हात लहान आहे गं तुझा. बायकांना ही पकड जमतच नाही. तू गात जा, मी वाजवीन." सगळे हसले. आमचे हेसुद्धा.

परतताना डिकीत तांदूळ, नाचणी आणि भोपळे बसले, गिटार बसेना. म्हणून ती आमच्याकडे महाडला आली. "सूर मी लावून ठेवलाय, खुंट्यांना कुणी हात लावायचा नाही," असा हुकूमही सोबत आला.

पोर काही आठवडे झटली, मग गिटार कपाटामागे गेली. एका दुपारी मी शाळेतून आले तर ही कंपासपेटीतली पट्टी घेऊन बोटं मोजत बसलेली. मधलं बोट ओढून बघत होती. मला म्हणाली, "आई, हात वाढतात का गं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शाळेत गणित शिकवते. बायकांना काय काय जमत नाही ते स्टाफरूममध्ये रोज चहाबरोबर ऐकते. बाहेरचं मी कधीच सोडून दिलंय. पण हे माझ्या पोरीच्या बोटांत शिरलं होतं. मला संगीताची काडीची आवड नाही, तरी मी कपाटामागून गिटार काढली. एका बाईचा हात ती पकड धरताना तिला दिसायलाच हवा होता.

शिकण्यासाठी लावलेल्या व्हिडिओत एक टोपीवाला तरुण होता. प्रत्येक वाक्याला हसून "एकदम सोपं आहे मित्रांनो" म्हणायचा. त्याच्या सोपेपणाचा मला लवकरच वीट आला. महाडमधल्या गिटार क्लासचे सर भेटले. त्यांच्याकडे दर वर्षी डझनभर मुलं हीच सुरुवात गॅदरिंगला वाजवतात. पुढचं शिकवा म्हटलं, तर म्हणाले, "मॅडम, पुढचं कोणी मागतच नाही." खरंच असेल. आमच्याकडे टाळ्याही तेवढ्यालाच पडतात. मी घरी तारा दाबत बसायचे आणि आमचे हे एमआयडीसीतून आले की टीव्हीचा आवाज वाढवायचे. माझ्या बोटांची सालं निघाली, खडू धरवेना, पण पकड काही वाजेना. शेवटी मलाच वाटायला लागलं की भाऊजी बरोबर असतील. त्या विचाराचा जितका संताप आला तितका त्या माणसाचासुद्धा कधी आला नव्हता.

मग एकदा मूळ गाण्याबरोबर वाजवून बघितलं. गाणं एकीकडे, माझी गिटार वरच कुठेतरी किंचाळतेय. फोनवर सूर तपासायचं अॅप घेतलं, तर प्रत्येक तारेला काटा पार उजव्या टोकाला, म्हणजे सूर भलताच चढा. फोनच बिघडला असं मी धरून चालले. रविवारी गावी गेले तेव्हा गिटार बरोबर नेली. सासऱ्यांच्या भजनी मंडळाची पेटी आमच्याच घरी असते. तिच्यावर काळी दोन दाबली आणि गिटारची एक साधी पकड त्या पट्टीत चपखल जाऊन बसली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मंडळ गातं काळी दोनमध्ये. पेटीला न मिळवलेलं वाद्य देवापुढे वाजवायचं नाही, हा मंडळाच्या बुवांचा दंडक. कधीतरी बुवांना खूश करायला भाऊजींनी तारा दीड सूर वर ओढल्या होत्या आणि तशाच ठेवल्या होत्या. त्यासाठी तारांवर लावायची साधी चिमट्यासारखी पट्टी मिळते, पण ती ठाऊक असायला गिटार यावी लागते. ओढून ओढून तारा लाकडापासून सुटल्या होत्या, कुंपणाच्या तारेसारख्या ताठ. त्या कोणत्याच हाताला दबल्या नसत्या. भाऊजींना ते कधी कळलंच नाही, कारण टुंग टुंग करायला काही दाबावं लागत नाही.

मी खुंट्या सैल करून सूर उतरवले आणि घरी येऊन पोरीच्या मांडीवर गिटार ठेवली. पकड पहिल्याच खेपेला नाही, पण जरा वेळाने स्वच्छ वाजली. मला वाटलं ती नाचेल. ती रडली. "म्हणजे मी उगाचच सोडली?" म्हणाली. मी तिला गप्प केलं नाही, रडू दिलं. तिचा राग रास्त होता. नंतर तिने मला केव्हाच मागे टाकलं. मी अजून त्या खवळलेल्या भागात अडखळते.

पुढच्या गणपतीला ओटी माणसांनी भरलेली असताना तिने गिटार काकांच्या हाती दिली आणि ती पकड मागितली. भाऊजींनी दाबली. बद्द. पुन्हा दाबली. बद्द. "तुम्ही हिचे सूर उतरवून वाट लावलीत," ते म्हणाले, आणि सासूबाईंसकट सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या घरात चूक शोधायला कोणी कधी भाऊजींकडे बघतच नाही.

पोरीने गिटार काढून घेतली आणि वाजवायला लागली. सुरुवात झाली, ठरल्याप्रमाणे टाळ्या पडल्या, माणसं उठली. ती थांबली नाही. बुवांनी टाळ उचलले. "आरतीची येळ झाली गो, पुरे आता," सासूबाई म्हणाल्या.

"थांबा," मी म्हणाले. "गाणं संपलेलं नाही."

देवापुढे, बुवांसमोर, सुनेने आरती अडवली. टाळ हातातच राहिले, कापूर पेटवायला पुढे झालेले आमचे हे काडीपेटी धरून उभेच. मला कोणाचीही भीती वाटली नाही, भयंकर आनंद झाला. पोर मान खाली घालून वाजवत राहिली, खवळलेला भाग आणि त्याच्या पुढचाही. शेवटची पकड आवाज विरेपर्यंत तिने सोडली नाही. मग गिटार भिंतीला टेकवून तीच म्हणाली, "हां, आता करा आरती."