चेटकिणीचे डोळे

रविवारी सकाळी खिडकीशी बसून मी अंगठ्याएवढ्या चेटकिणीचे डोळे रंगवत होतो. ही टेबलावर मांडायच्या एका खेळातली बाहुली. आधी तिच्या खडबडीत कडा घासायच्या, राखाडी रंगाचा पहिला हात द्यायचा आणि तो वाळला की खरे रंग. डोळ्यांच्या वेळी तर मी श्वासही रोखून धरतो.

तेवढ्यात बेल वाजली. सासरे आले होते.

"हे काय?" त्यांनी टेबलाकडे पाहून विचारलं.

"पुतण्याचं आहे," मी म्हणालो आणि ब्रश पाठीमागे लपवला. पन्नाशीतही माझे कान तापले.

पाणी घेऊन आलेली बायको थबकली. "पुतण्याचं कशाला? यांचंच आहे, बाबा."

सासऱ्यांनी चेटकीण अलगद उचलून उजेडात धरली. "डोळ्यांत चमक कशी हो आणलीत?"

आपले दोष माणूस लपवतो, ते कळतं. पण जिथे सगळा जीव गुंतलेला असतो, तीच गोष्ट दुसऱ्याच्या नावावर का ढकलतो?

"पांढऱ्या रंगाचा एक ठिपका," मी सांगितलं. त्यांना अजून ऐकायचं होतं. माझी मान मात्र वर होईना.