कूलर दुरुस्तीला गेला तेव्हा

सासरी मला 'काहूनबाई' म्हणत; आमच्याकडे 'का'ला 'काहून' म्हणतात. हे नाव आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ठेवलं होतं. लग्न होऊन यवतमाळला आले त्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, माठाखालची वाळू ओली ठेवली की पाणी जास्त गार काहून होतं? त्या म्हणाल्या, "होते म्हणून होते. तू वाळू भिजव." माझं माहेर बाभुळगावचं. तिथे प्रश्न विचारला की वडील उत्तर तरी द्यायचे, नाहीतर तूच शोध म्हणायचे. इथे प्रश्न विचारला की एक काम वाढायचं. पण जित्याची खोड, ती काय जाते.

साठ सालानंतरची ही गोष्ट. आम्ही कवेलूचं, म्हणजे कौलांचं, जुनं घर सोडून सिमेंटच्या स्लॅबच्या नव्या घरात राहायला आलो होतो. त्याच उन्हाळ्याच्या तोंडी यांनी गावातल्या मिस्त्रीकडून कूलर करून घेतला. लाकडी चौकट, तीन बाजूंना वाळा, वर भोकं पाडलेली पत्र्याची पन्हळ आणि आत विजेचा पंखा. पन्हळीत बादलीने पाणी ओतायचं काम अर्थातच माझं. यांना त्या कूलरचं इतकं कौतुक, की आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी कूलर दाखवायचे.

चैत्रात आत्याबाई मोरीत घसरल्या आणि पाय मोडून घेतला. मांडीपासून टाचेपर्यंत प्लास्टर. कूलरच्या खोलीत त्यांची खाट टाकली, आणि दिवसभर छताकडे बघत पडून राहणं त्यांच्या नशिबी आलं. डॉक्टर स्पष्टच बोलले होते, "यांना हलवायचं नाही. आणि खोली गार ठेवा. या वयात ऊन लागलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

ऐन वैशाखात कूलरमधून जळका वास आला आणि पंखा थांबला. मिस्त्रीने मोटर उघडून बघितली, आतली तार जळाली म्हणाला. नवी तार नागपूरहून यायची होती. तोपर्यंत काय करायचं, हे आत्याबाईंनी खाटेवरूनच ठरवलं. जुन्या घरातली वाळ्याची ताटी आम्ही टाकून दिली नव्हती. बांबूच्या कामट्यांत वाळ्याची मुळं बांधलेली ती दाराएवढी चौकट यांनी पश्चिमेच्या दारात सुतळीने आवळली. मी तांब्याने तिच्यावर पाणी मारत राहायचं. आत्याबाईंनी बाकीची दारं लावून घ्यायला लावली, पूर्वेच्या खिडकीवर वरून घोंगडीही टाकायला लावली. मला बजावलं, "फट राहू देऊ नको. झाव आत येते." झाव म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा; तो येऊ नये म्हणून आमच्याकडे घर असंच बंद करतात. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मलाही वाटलं नाही.

पहिल्या दुपारी खोलीत वाळ्याचा वास भरला, पण गारवा काही आला नाही. दुसऱ्या दुपारी भिंतीसुद्धा चिकट लागायला लागल्या. जितकं पाणी मारावं तितकं जास्त कोंदट होई. आत्याबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता, अंगावरचा घाम सुकत नव्हता. कैरीचं पन्हं पुढे केलं तर त्यांनी तोंड फिरवलं. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "पोरी, मी काई ह्या उन्हाळ्यातून निघत नाई." एरवी मला धाकात ठेवणारी बाई असं बोलली, तेव्हा मी घाबरले. हे कचेरीत होते. घरात आम्ही दोघीच.

प्लास्टरचा वास जावा म्हणून मी खाटेशी उदबत्ती लावत असे. हातपंख्याने वारा घालता घालता माझं तिच्याकडे लक्ष गेलं. मी हात थांबवला, तर धूर सरळ वर चढू लागला, जराही न हलता. मी ती उदबत्ती ताटीजवळ नेली. तिथेही तेच. मग ओसरीवर जाऊन बघितलं, तर बाहेर माझा पदर उडत होता आणि धूळ ताटीवर येऊन आपटत होती. म्हणजे वारा दारापर्यंत येत होता आणि आत यायला तयार नव्हता. काहून?

पालथी घागर हौदात दाबली तर भरत नाही, कारण आतली हवा निघायला जागा नसते, हे मला माहेरी वडिलांनी दाखवलं होतं. ते तेव्हा आठवलं. पण मग जुन्या घरात हीच ताटी कशी चालायची?

मी खाटेशी बसले. "आत्याबाई, जुन्या घरी ताटीनं गार होये का?"

"होये म्हणजे? दुपारी चादर घ्या लागे."

"अन् दारं?"

"सारीच लावेल राहत."

"मंग आतली हवा कुठून जाये?"

एरवी माझ्यावर ओरडल्या असत्या. त्या दिवशी तेवढी ताकद नव्हती. त्या वर स्लॅबकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कवेलूतून जाये. चुलीचा धूर बी तिथूनच जाये." पुन्हा वर बघून म्हणाल्या, "इथं तं काईच नाई."

मी घोंगडी ओढली आणि पूर्वेची खिडकी उघडली.

"आगीले घरात बलावतं का?" असं त्या म्हणाल्याच. पण त्या बाजूला दुपारी सावली असते, हे मला ठाऊक होतं. मी उदबत्ती त्यांच्या उशाशी धरली. आधी धूर तसाच उभा होता. मग तो वाकला, खाटेवरून आडवा गेला आणि खिडकीतून बाहेर पडला. ताटीतून ओला, गार वारा आत आला. मी धावत जाऊन ताटीवर पाणी मारलं, पुन्हा मारलं. परत आले तेव्हा आत्याबाईंच्या कपाळावरचा घाम सुकत चालला होता आणि त्या पन्ह्याचा पेला मागत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदराने पुसलं.

संध्याकाळी हे आले. आत्याबाईंच्या डोक्याखाली उशी वाढवून मी त्यांना भात भरवत होते. यांना वाटलं, ताटी चांगली चालते आहे. आत्याबाईंनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

तार आली, मोटर बसली. यांनी मोठ्या थाटात कूलरचं बटण दाबायला हात पुढे केला, तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "थांब. पयले खिडकी उघड."

"ह्या उन्हात? काहून?"

आत्याबाईंनी माझ्याकडे मान वळवली. "मले नको इचारू. हिले इचार."