सरांची सावली

रेडिओवर बोलायला सर्वांत नालायक माणूस शोधा, असं कुणी सांगितलं तर मी डोळे झाकून आमच्या सरांचं नाव देईन. सांगलीच्या कॉलेजात गणित शिकवून ते निवृत्त झाले आणि दर रविवारी दुपारी आमच्या रेडिओ केंद्रावर गणित नि खगोलशास्त्र सांगायला लागले. मी निवेदक. माझं काम सुरुवातीला 'नमस्कार सर' म्हणायचं आणि शेवटी त्यांच्यापुढचा माइक ओढून घ्यायचा. पहिल्याच दिवशी सरांनी फळा मागितला. 'सर, हा रेडिओ आहे,' मी म्हटलं. 'मग काय आकृती हवेत काढू?' म्हणाले, आणि पुढच्या रविवारी घरचा फळा रिक्षात घालून घेऊन आले. तेव्हापासून आमचे श्रोते शनीची कडी ऐकतात. सर कर्रकन खडू ओढतात, 'मागच्यांना दिसतंय ना?' असं विचारतात आणि उत्तरासाठी थांबतातसुद्धा. मिरजेहून एका तंबोरे करणाऱ्यानं फोन केला, की शनी राहू दे, तेवढा खडू बदला, कान किटले. सर खूश. म्हणाले, 'बघा, एक विद्यार्थी जागा आहे.' वाईच्या एका बाईंनी विचारलं, ग्रहणात जेवलं तर चालतं का? 'भूक असेल तर चालतं,' सर म्हणाले. 'आणि सासूबाईंना काय सांगू?' त्यावर सरांनी तो प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे म्हणून सोडून दिला.

यंदा आमच्या साहेबांनी सांगून टाकलं, 'म्हाताऱ्याचं ऐकतं कोण? बंद करू आणि त्या वेळेत पाककृती लावू.' सरांना वाईट वाटलं, पण हटले नाहीत. मे महिन्यात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. तो दिवस नेमका रविवारी आला होता. सर रेडिओवर म्हणाले, 'आज सांगलीची सावली जाईल. उत्तरेला साताऱ्याची, म्हसवडची दोन-तीन दिवसांनी. गेली की फोन करा.' आणि साहेबांना म्हणाले, 'एकही फोन आला नाही तर मी फळा घेऊन घरी जातो.'

साडेबारा वाजून गेले. फोन गप्प. काचेपलीकडे साहेब हाताची घडी घालून उभे. कुणी थांबवल्याशिवाय गप्प न बसणारे सर खडू हातात धरून फोनकडे बघत राहिले. एवढी वर्षं त्यांचा छळ मी सोसला, पण तेव्हा माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवेना.

पाऊण वाजायला आला तेव्हा फोन वाजला. 'आवं सर, गेली की. समदी आळी उनात हुभी हाय. परत येती का न्हाई ते बघूनच फोन केला.' मग फोनला उसंत मिळेना. साहेब काचेपासून निघून गेले.

शेवटचा फोन म्हसवडहून होता, एका आजींचा. 'सर, पर तुमची गेली का?'

'माझी?' सर गोंधळले. 'मी इथं आत बसलोय ना. नोकरीत होतो तेव्हा मे महिन्यात पेपर तपासत बसायचो. नंतर राहूनच गेलं.'

'म्हंजी कदी बघितलीच न्हाई?'

'नाही.'

'मग या की हिकडं. आमची अजून जायची हाय, तुमीच सांगितलंय न्हवं. भाकरी खाऊन जावा.'

इतकी वर्षं हा माणूस लोकांना आकाश दाखवत होता. त्याला कुणी 'या' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

'येतो,' सर म्हणाले. पुढं काय बोलावं ते त्यांना सुचेना. अशा वेळी मी गाणं लावायचं असतं. मी लावलं नाही.