कोतात जमा केलेलं पिस्तूल

बाबा आमच्याकडे अमेरिकेत, कॅरीला आले ते दोन हजार पाचच्या एप्रिलात. पाइनच्या परागांनी पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या पिवळ्या होतात, ते दिवस. आई जाऊन वर्ष झालं होतं. सहा महिने तरी या, असा धोशा मी आणि नवऱ्याने लावला होता. आम्ही दोघंही आयटीतले. सकाळी मुलीला डेकेअरला सोडून कामावर गेलो की घरात बाबा एकटे. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. पहाटे पाचला उठून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार, आणि जायला कुठेच नाही.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी समोरच्या अपार्टमेंटमधला माणूस हेरला.

"हा फौजी आहे," मला म्हणाले.

"कशावरून?"

"गाडीतून उतरला की आधी चारी बाजूंना बघतो. मग बायकोकडे."

बरोबर होतं. तो सैन्यात सार्जंट होता. लष्करी तळ आमच्यापासून दीड तासावर. आठवडाभर तो तिकडच्या खोलीत राही आणि शुक्रवारी घरी येई. बायको इथल्या हॉस्पिटलात नर्स, म्हणून घर कॅरीत. इराकमध्ये वर्ष काढून नुकताच परतला होता. पहिल्या भेटीत तो बाबांना 'सर' म्हणाला. बाबा ताठ झाले. "नो सर. सर इज ऑफिसर. आय ॲम सुभेदार." सार्जंट इतका हसला की त्याची बायको दार उघडून बाहेर आली. त्यांच्याकडेही सार्जंटला कोणी सर म्हटलं की तो हेच सुनावतो म्हणे. त्या दिवसापासून बाबा त्याचे 'सुबेदार' झाले.

मग दर शनिवारी सकाळी आमच्या घराबाहेरच्या फरसबंद पॅटिओवर दोघांची बैठक. बाबांचं इंग्रजी दहा वाक्यांत संपायचं, म्हणून मी मध्ये बसून भाषांतर करायची. 'ते म्हणतात' वगैरे न जोडता, 'मी'चं सरळ 'मी'च. क्लायंटच्या कॉल्सपेक्षा हे काम मला कितीतरी आवडायचं. माझं लहानपण छावण्यांमध्ये गेलं. गेरू-चुन्याने रंगवलेले झाडांचे बुंधे, संध्याकाळी बिगुल वाजला की जागच्या जागी थांबणारी आम्ही मुलं, कँटीनच्या रांगेतली आई, हे सगळं मला त्या पॅटिओवर फुकटात परत मिळत होतं. परेड, पाय कापणारे नवे बूट, स्वयंपाक्याच्या नावाने शंख. दोन सैन्यं, पण तक्रारी त्याच.

एकदाच दोघांचं वाजलं. सार्जंटकडे त्याच्या वडिलांचं एक पिस्तूल होतं. ते तळावर न्यायचं तर नोंदवावं लागे, आणि तिथे जे राहतात त्यांना शस्त्रागारात जमा करावं लागे. कमरेला लावून फिरणं तर दूरच. म्हणून तो ते कॅरीच्या घरातच ठेवायचा.

"इराकमध्ये भरलेली रायफल देऊन मला माणसांमध्ये सोडलं," तो म्हणाला. "तेव्हा माझ्यावर भरवसा होता. घरच्या तळावर आलो की मी बेभरवशाचा?"

"भरवशाचा प्रश्न नाही," बाबा म्हणाले. "हत्यार कोतात. ड्यूटी लागली की सही करून घ्यायचं, संपली की सही करून जमा." कोत म्हणजे पलटणीची हत्यारं ठेवायची कुलूपबंद खोली. मी तो शब्द तसाच ठेवला; सार्जंटला तो आवडला.

"आणि उद्या कोणी माथेफिरू तळावर गोळ्या झाडत घुसला तर? आम्ही हजारो शिकलेले सैनिक त्याच्यावर खुर्च्या फेकायच्या?"

बाबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "हे खरं आहे. पण त्याला विचार, तुझ्या हाताखाली तीसेक पोरं आहेत ना? सगळ्यांच्या कमरेला पिस्तूल देशील?"

सार्जंटने कप खाली ठेवला. "सगळ्यांच्या नाही."

"मग कोणाच्या नाही, हे रोज सकाळी कोण ठरवणार?"

सार्जंट थोडा चिडूनच घरी गेला. पुढच्या शनिवारी मात्र आला. बाबांसाठी मक्याचा ब्रेड घेऊन.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी मुलीला ताप होता म्हणून मी घरी थांबले होते. दुपारी बेल वाजली. दारात सार्जंट. रजा टाकून आला होता, दाढी वाढलेली, हातात एक चपटी लोखंडी पेटी.

"सुबेदार आहेत? हे त्यांनी थोडे दिवस सांभाळावं."

पेटीत काय आहे ते मला लगेच कळलं. आम्ही व्हिसावरची माणसं. असली वस्तू घरात ठेवणं आम्हाला कायद्याने चालणारच नव्हतं. मी तसं सांगणार, तेवढ्यात बाबा मागून आले. त्यांनी सार्जंटच्या तोंडाकडे पाहिलं. पेटीला हात लावला नाही.

"रिकामं आहे?"

"हो. गोळ्या घरी आहेत."

"पेटी बाहेर बाकावर ठेव. इथे माझ्याजवळ बस. आणि तू," मला म्हणाले, "याच्या बायकोला फोन लाव."

ती वीस मिनिटांत येते म्हणाली. तोवर सार्जंट पॅटिओच्या पायरीवर बसून होता. त्याच्या पलटणीतला एक मित्र आठवड्यापूर्वी गेला होता. इराकमध्ये नाही, इथे, स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने. एवढंच त्याने सांगितलं. मग बाबा बोलायला लागले आणि मी नेहमीसारखी त्यांच्यामागून.

"माझा पहिला मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला. मी बर्फातल्या चौकीवर होतो. तार चार दिवस उशिरा आली. वाट बंद, सुट्टी मंजूर होऊन उपयोग नव्हता."

या भावाबद्दल मला माहीत होतं. देवघरात त्याचा फोटो होता. मी भाषांतर केलं.

"संध्याकाळी मी कोतापाशी गेलो. माझी रायफल दे म्हणालो. कोत हवालदार म्हणाला, ऑर्डर दाखव. ऑर्डर नव्हती. मी भांडलो, त्याला शिव्या दिल्या. त्याने आतून कडी लावली आणि खिडकीतून मला एक विडी दिली."

मी थांबले. 'मी'चं 'मी' करणं मला जमेना. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, नुसतं म्हणाले, "सांग त्याला, बाळा. सगळं सांग."

मी सांगितलं. माझ्या तोंडून, माझे असल्यासारखे ते शब्द बाहेर पडले. सार्जंटने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो रडला.

बायको हॉस्पिटलच्या युनिफॉर्मवरच आली. पेटी कुठे ठेवायची यावर तिने क्षणभरही विचार केला नाही; तळावरच्या शस्त्रागारात, म्हणाली. सार्जंटने शस्त्रागाराच्या माणसाला फोन केला. तो चारपर्यंत या म्हणाला. मुलीला वरच्या मजल्यावरच्या मावशींकडे ठेवलं. पेटी पिकअपच्या मागच्या कप्प्यात कुलूप लावून बायको पुढे, आणि माझ्या गाडीत सार्जंट आणि बाबा मागे बसलेले. वाट दीड तासाची. एकदा आरशात पाहिलं, तर बाबांचा हात त्याच्या मनगटावर होता, नाडी बघणाऱ्यासारखा.

आम्हाला आत जाता येत नव्हतं. गेटबाहेरच्या पार्किंगमध्ये सार्जंट उतरून बायकोच्या शेजारी बसला, आणि गेटवरच्या शिपायाला ती दोघं मागच्या पेटीकडे बोट दाखवून सांगताना आम्हाला दिसली. बाबा आणि मी कुंपणापाशी उभे राहिलो. आत हिरवळ, सारख्या उंचीची झाडं, एका रांगेत धावणारी पोरं.

"आईला माहीत होतं?" मी विचारलं.

"नाही. ती मुलाच्या दुःखात होती. त्यात माझं कुठे सांगू?"

तासाभराने ती दोघं परत आली. सार्जंटच्या हातात पिस्तूल जमा केल्याचा कागद होता. डॉक्टरची वेळही घेऊन आला होता, दुसऱ्या दिवशी सकाळची. बाबांनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि सही नीट केली आहे म्हणून शाबासकी दिली.

ऑक्टोबरात बाबा परत गेले. सार्जंट पुढच्या वर्षी पुन्हा इराकला गेला आणि धडधाकट परत आला. अधूनमधून त्याचे बाबांसाठी ईमेल यायचे, ते मी रविवारी फोनवर वाचून दाखवायची. एकात त्याने लिहिलं होतं, 'सुबेदार, माझं मत बदललेलं नाही. चांगल्या सैनिकाला तळावर स्वतःचं शस्त्र बाळगता आलं पाहिजे. फक्त दोन हजार पाच साली अशा चांगल्या सैनिकांच्या यादीत माझं नाव नको होतं, आणि तेव्हा मला विचारलं असतं तर मी ठाम सांगितलं असतं, पहिलं माझंच लिहा.'

बाबांनी ते वाक्य मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "त्याला लिही, त्या संध्याकाळी कोतापाशी मीही तेच सांगितलं असतं. आणि हो, बायकोला नमस्कार सांग."